सुई आधी हिरव्यात

प्रिय पोरी,

परवा सिम्युलेटरमधून उतरताना तू विचारलंस, "सर, कंट्रोलरला सगळं आकाश दिसतं, टक्कर टाळणाऱ्या टीकॅस यंत्राला फक्त आसपासची विमानं. मग दोघं वेगळं बोलले तर ऐकायचं कुणाचं?" मी घाईत "टीकॅसचं" म्हणून निघून गेलो. घरी आल्यावर रुखरुख लागली. कारण हाच प्रश्न डोक्यात घेऊन तू आत टीकॅसचा हुकूम आल्यावर नऊ सेकंद थांबली होतीस. मी मोजले. मिळतात पाच.

तुझी नजर कुठे होती, तेही पाहिलं. पडद्यावरच्या पिवळ्या गोलावर, म्हणजे दुसऱ्या विमानाच्या खुणेवर. त्याचा लाल चौकोन झाला तरी तिथेच, आणि हात डावीकडे वळवायला निघालेला. वळायचं नाही! समोरच्या विमानाचं अंतर आणि उंची टीकॅसला नीट कळते, दिशा मात्र अँटेना ढोबळच सांगतो. म्हणून तर ते कधी डावं-उजवं म्हणत नाही, फक्त वर किंवा खाली. तो चौकोन बाहेर कुठे बघायचं ते सुचवतो, बस. जीव वाचवते ती बाजूची व्हर्टिकल स्पीडची पट्टी. सुई लालमधून काढ, हिरव्यात ने. मग रेडिओवर "टीकॅस आरए" म्हण; आरए म्हणजे टीकॅसचा वर-खाली जायचा हुकूम.

आता तुझा प्रश्न. कंट्रोलरच्या रडारचं चित्र काही सेकंदांनी ताजं होतं. टीकॅस समोरच्या विमानातल्या उत्तर देणाऱ्या यंत्राला, ट्रान्सपॉन्डरला, दर सेकंदाला विचारत असतं. पण खरं कारण वेगळंच आहे. दोन्ही विमानांतली यंत्रं आपसात ठरवून मोकळी झालेली असतात: तू वर, मी खाली. त्या क्षणी कंट्रोलरला यातलं काहीच माहीत नसतं. तू त्याचं ऐकून खाली गेलीस, तर दुसरा जिथे निघालाय तिथेच जाशील.

१ जुलै २००२ च्या रात्री जर्मनीत युबरलिंगनवर हेच झालं. झुरिचचा कंट्रोलर एकटा दोन जागा सांभाळत होता. त्याने तुपोलेव्ह या प्रवासी विमानाला खाली जायला सांगितलं. काही सेकंदांत टीकॅस म्हणालं, वर. को-पायलटने तसं बोलूनही दाखवलं. पण कंट्रोलर खाली सांगतोय म्हणून विमान खालीच जात राहिलं. मालवाहू बोइंगला त्याच्या टीकॅसने खाली पाठवलं होतं आणि त्याने ते ऐकलं होतं. ७१ माणसं गेली, त्यांत ५२ मुलं. तुपोलेव्हच्या पडद्यावर दुसरं विमान डावीकडे दिसत होतं आणि कंट्रोलर ते उजवीकडे असल्याचं सांगत होता. तो को-पायलट माझ्या डोक्यातून जात नाही. त्याला दिसत होतं, पोरी.

मी हे इतक्या हट्टाने का सांगतो? एका रात्री उतरताना मला आरए आला, वर जा म्हणून. समोर दिवे दिसत होते. मला वाटलं, ते आपल्या वर आहे, आणि मी बघत बसलो. चार सेकंद, कदाचित जास्त. मग टीकॅस आणखी जोरात वर जा म्हणालं, तेव्हा कुठे मी हँडल ओढलं. ते विमान पोटाखालून गेलं. म्हणजे ते खालीच होतं. अंधारात नुसत्या दिव्यांवरून उंची ओळखता येत नाही, हे मी स्वतः शिकवत होतो तेव्हा! अहवालात मी "दुसरं विमान नजरेत होतं" असं लिहिलं. ते खोटं नव्हतं. आमची पिढी खिडकीवर आणि कंट्रोलरच्या शब्दावर वाढली. चरखी दादरीला १९९६ मध्ये दोन विमानं हवेत आदळून ३४९ माणसं गेली, तेव्हा आपल्याकडे टीकॅस सक्तीचंही नव्हतं. सवय अशी एका कोर्सने सुटत नाही. पण मी ते चार सेकंद अहवालात लिहायला हवे होते. लिहिले नाहीत.

तू तर याच यंत्रावर शिकलीस. तुला कसली सवय मोडायची आहे? कंट्रोलरचा मान ठेव, जरूर ठेव. टीकॅसचं "क्लिअर ऑफ कॉन्फ्लिक्ट", म्हणजे धोका टळला, हे ऐकलंस की कंट्रोलरने दिलेल्या उंचीवर परत ये, तसं त्याला सांग. त्याआधी त्याच्याशी वाद नको, माफी नको, आणि माझ्याकडे वळून बघणं तर मुळीच नको. सुई आधी हिरव्यात.

सोमवारी सकाळी सहाचा स्लॉट घेतलाय. मी मागे बसून कंट्रोलर होईन आणि तुला चांगलं दरडावून "खाली जा" म्हणेन. तू वर जा.

तुझा,
सर