सगळीच कामं 'अर्जंट' असतात तेव्हा

सप्रेम नमस्कार,

तुझ्याकडे सात प्रोजेक्ट एकदम आले आणि सातांपुढेही 'हाय प्रायॉरिटी' लिहिलंय. मग त्या शेऱ्याला अर्थच उरत नाही. तो खोडून टाक आणि १ ते ७ क्रमांक दे. एक क्रमांक दोन प्रोजेक्टना द्यायचा नाही. यावरून वाद होतील, ते आत्ताच होऊ देत. नाहीतर रोज सकाळी टीममधला प्रत्येक जण हा निर्णय आपल्या परीने घेतो, आणि जो सारखा फोन करतो त्याचं काम पुढे सरकतं.

क्रम लावताना दोन आकडे काढ: उशीर झाला तर दर आठवड्याला किती नुकसान, आणि काम संपायला किती आठवडे. समज, एक प्रोजेक्ट ६ आठवड्यांचा आहे आणि झाल्यावर आठवड्याला ३० तास वाचवणार आहे. दुसरा २ आठवड्यांचा, २० तास वाचवणारा. मोठा आधी घ्यावासा वाटतो. पण तसं केलं तर छोटा ६ आठवडे अडून १२० तास जातात. छोटा आधी घेतला तर मोठा २ आठवडे थांबतो आणि फक्त ६० तास जातात. म्हणून दर आठवड्याच्या नुकसानाला कामाच्या आठवड्यांनी भाग दे आणि मोठं उत्तर वर ठेव. कायद्याची किंवा कराराची मुदत असेल तर ती वेगळी धर. मात्र तारीख खरंच कुठे लिहिलेली आहे की कुणी मीटिंगमध्ये सहज बोललंय, हे विचारूनच घे.

सगळ्यात जास्त जपायचं ते हे: एका वेळी थोडीच कामं चालू ठेव. चार-चार आठवड्यांची तीन कामं एकाच माणसाने ओळीने केली तर ती चौथ्या, आठव्या आणि बाराव्या आठवड्यात संपतात. तीच दर आठवड्याला आलटून पालटून केली तर दहाव्या, अकराव्या आणि बाराव्यात. शेवटचं काम तेव्हाच संपलं, पहिल्या दोघांना मात्र उगीच ताटकळावं लागलं. शिवाय काम बदलताना 'मी कुठे होतो?' हे आठवण्यात जाणारा वेळ यात धरलेलाच नाही.

आता माणसं बघ. बहुतेक ठिकाणी एकच जण असा असतो, ज्याच्याकडून प्रत्येक प्रोजेक्ट जातो: टेस्टिंग करणारा, मंजुरी देणारा. त्याचं कॅलेंडर आधी उघड, तारखा त्यावरून ठरव. त्याचे पाचही दिवस भरू नकोस, चारच भर. कामं कधीही, कशीही येत असतील तर ८० टक्क्यांवरून ९० टक्के भरलेल्या माणसासमोरची रांग दुपटीहून लांब होते.

नवं काम आलं की लगेच 'नाही' म्हणायची गरज नाही. मेलवर लिही: 'हे आज सुरू करता येईल, मग क्रमांक ३ दोन आठवडे थांबेल. चालेल का?' उत्तर लेखीच घे.

थांबवलेल्या प्रोजेक्टकडे फार दुर्लक्ष होतं. थांबवताना अर्ध्या पानाची नोंद ठेव: काय झालं, फाइल कुठे आहे, पुढची पायरी कोणती, पुन्हा कधी बघायचं. आणि त्याची वाट बघणाऱ्यांना त्याच दिवशी स्वतः सांग; ते त्यांना दुसऱ्याकडून कळलं की तुझ्या पुढच्या तारखेवर कुणी विश्वास ठेवत नाही.

यादी झाली की पाठव. बहुधा २ आणि ३ मध्ये अडशील, तेवढं फोनवर बोलू.