व्यायल्यावर तिसऱ्याच महिन्यात दूध घटले: पेंड वाढवण्याआधी हे तपासा

प्रश्न : आमच्या घरी एकच गाय आहे, होल्स्टिन संकरित, तिसरे वेत. व्यायल्यावर दीड महिन्याने दिवसाला १६ लिटर दूध होते. आता तिसरा महिना संपत आला आणि दूध ११ लिटरवर आले. फॅट ३.६ लागते, पण एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन घटक) ८.१ च्या वर जात नाही, त्यामुळे डेअरीत दर कापला जातो. वैरणीला उसाचे वाढे (उसाच्या शेंड्याचा हिरवा पाला) आणि थोडा कडबा आहे. सरकी पेंड दोन वेळची मिळून ५ किलो. पाणी सकाळ-संध्याकाळ पाजतो. गाय वाळल्यासारखी दिसते आणि अजून माजावर आलेली नाही. पेंड वाढवावी का? कॅल्शियमची बाटली सुरू करावी का? (एक पशुपालक, ता. श्रीगोंदा)

उत्तर : पेंड सध्या वाढवू नका आणि बाटलीवरही खर्च करू नका.

व्यायल्यावर सहा ते आठ आठवड्यांत गाय सर्वांत जास्त दूध देते. तिथून पुढे दर महिन्याला साधारण ८ ते १० टक्के दूध कमी होते, हे नैसर्गिक आहे. त्या हिशेबाने तुमची गाय आज १४ लिटरच्या आसपास हवी होती. म्हणजे शोधायचे आहेत ते मधले तीन लिटर. कमी एसएनएफ, वाळलेले अंग आणि न आलेला माज या तिन्ही गोष्टी बहुतेक वेळा एकाच कारणाने होतात. गाईच्या पोटात जेवढी ऊर्जा जाते, त्याहून जास्त दुधावाटे बाहेर पडते. सरकी पेंडीतून प्रथिने आणि तेल मिळते, म्हणून तुमचे फॅट टिकून आहे. धान्यातून मिळणारे पिष्ट मात्र तिच्यात नगण्य असते आणि तुमच्या गव्हाणीत धान्याचा दाणाही नाही. अशात आणखी पेंड घातली तर खर्च वाढेल, दूध फारसे वाढणार नाही.

सुरुवात पाण्यापासून करा, कारण त्याला पैसे लागत नाहीत आणि फरक दोन-तीन दिवसांत दिसतो. दुधात ८७ टक्के पाणी असते. १४ लिटर दूध देणाऱ्या गाईला हिवाळ्यातही ७० ते ८० लिटर पाणी लागते, उन्हाळ्यात १०० लिटरच्या पुढे. दोन वेळा बादली दाखवून एवढे पाणी पोटात जात नाही. शिवाय पाणी कमी पडले की गाय वैरणही कमी खाते. २०० लिटरचा प्लॅस्टिकचा ड्रम उभा कापून अर्धा भाग तिच्या तोंडापाशी, सावलीत ठेवा. तो रात्रीही भरलेला हवा. धार काढल्यानंतरच्या तासाभरात गाय सर्वांत जास्त पाणी पिते, तेव्हा ड्रम रिकामा राहू देऊ नका. आठवड्यातून एकदा घासून आतून चुना लावा. पहिले तीन दिवस फक्त पाण्यात बदल करा, बाकी सगळे आहे तसेच ठेवा आणि दोन्ही वेळचे दूध मापून लिहा. नाहीतर कशाने फरक पडला ते कळणार नाही.

आता वैरण. गाईला रोज तिच्या वजनाच्या ३ ते ३.५ टक्के कोरडा चारा-खाद्य लागते, म्हणजे त्यातले पाणी वजा करून उरते ते. वजन टेपने काढता येते. पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर इंचात मोजा. खांद्याच्या पुढच्या टोकापासून माकडहाडापर्यंतची लांबीही इंचात घ्या. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ६६०, म्हणजे वजन किलोत. घेर ६८ आणि लांबी ६० इंच असेल तर गाय साधारण ४२० किलोची. तिला रोज १३ ते १४ किलो कोरडा अंश हवा.

उसाचे वाढे आपल्या भागात गळीत हंगामात सहज मिळतात, त्यामुळे गाईचे पोट त्यावरच भरले जाते. यात दोन अडचणी आहेत. एक, वाढ्यात प्रथिने फक्त ५-६ टक्के आणि कठीण तंतू भरपूर, त्यामुळे पोट भरते पण गाईच्या अंगी लागत नाही. दुसरी अडचण ऑक्झॅलेटची. वाढ्यातले ऑक्झॅलेट चाऱ्यातल्या कॅल्शियमला धरून ठेवते आणि ते शेणावाटे निघून जाते. महिनोन्‌महिने फक्त वाढे खाणाऱ्या गाईची हाडे झिजतात, ती उठताना अडखळते, पुढच्या वेताला तिला दुग्धज्वराचा (व्यायल्यावर रक्तातले कॅल्शियम घटून गाय बसण्याचा) धोका वाढतो. म्हणून वाढे दिवसाला १० किलोच्या वर नकोत आणि ज्या दिवशी वाढे, त्या दिवशी क्षार मिश्रण (कॅल्शियम, स्फुरद वगैरे खनिजांची पावडर) चुकवायचे नाही.

तुमच्या गाईसाठी दिवसाचे माप असे धरा : वाढे १० किलो (मिळाल्यास त्याऐवजी संकरित नेपियर किंवा मक्याचा हिरवा चारा १५ किलो), लसूणघास ८ किलो, कडबा कुट्टी ४ किलो, पशुखाद्य ६ किलो. कोरड्या हिशेबात यात वैरण ६० टक्के आणि खाद्य ४० टक्के बसते. खाद्याचा वाटा याहून फार वर गेला की पोटात आम्लता वाढते, शेण पातळ व बुडबुडेदार होते, त्यात मक्याचे दाणे दिसतात आणि फॅट घसरते. कुट्टी एक ते दीड इंचाची ठेवा. त्याहून बारीक केली तर गाय रवंथ कमी करते. दुपारी ती निवांत बसलेली असताना बघा, बसल्या वेळेतला निम्मा वेळ तरी तोंड चालू दिसले पाहिजे.

लसूणघास ओला आणि उपाशीपोटी देऊ नका, पोट फुगते. सकाळी कापून तीन-चार तास सुकू द्या आणि कडबा कुट्टीत मिसळून टाका. पाण्याची सोय असेल तर एका गाईपुरते चार ते पाच गुंठे नेपियर आणि तीन ते चार गुंठे लसूणघास वर्षभर पुरतो. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे नेपियरचे ‘फुले जयवंत’ आणि लसूणघासाचे ‘आरएल-८८’ हे वाण आपल्याकडे चांगले येतात. लसूणघास ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये एक फुटाच्या ओळीत पेरा, गुंठ्याला पाव किलो बी लागते. पहिली कापणी ५० ते ६० दिवसांनी, पुढच्या दर २५-३० दिवसांनी. ज्वारीची हिरवी वैरण मात्र फुलोऱ्याआधी तोंडाला लावू नका. कोवळ्या किंवा पाण्याच्या ताणातल्या ज्वारीने किराळ लागते (तिच्यातल्या विषाची बाधा होते) आणि जनावर तासाभरात दगावू शकते.

खाद्य घरी बनवायचे तर १०० किलोसाठी मका भरडा ३५, सरकी पेंड २०, शेंगदाणा पेंड १२, गव्हाचा कोंडा २०, तूर किंवा हरभरा चुनी १०, क्षार मिश्रण २ आणि मीठ १ किलो घ्या. यात प्रथिने १७-१८ टक्क्यांपर्यंत येतात, मक्यातून ऊर्जा मिळते आणि गव्हाच्या कोंड्यातून स्फुरद (फॉस्फरस). स्फुरद कडब्यात कमी असते आणि त्याची कमतरता हे माज न दिसण्याचे एक नेहमीचे कारण आहे. शेंगदाणा पेंड आणि मका फोडून वास घ्या. कुबट वास किंवा हिरवट-काळी बुरशी असेल तर ते पोते गाईला देऊ नका. त्यातले बुरशीचे विष गाईच्या यकृताला बाधते आणि दुधातूनही उतरते. ते दूध घरातली मुलेही पितात.

किती द्यायचे याचा सोपा ठोकताळा : गाईच्या स्वतःच्या पोषणासाठी दीड किलो आणि प्रत्येक लिटर दुधाला ४०० ग्रॅम. तुमच्या गाईला आजच्या ११ लिटरवर मोजू नका, १४ वर मोजा. ते साधारण ७ किलो होते. त्यातला एक किलो लसूणघासामुळे वाचतो, म्हणून ६ किलो. हे तीन वेळा विभागून द्या, एका वेळी अडीच किलोच्या वर नको. आंबोण (भिजवून द्यायचे खाद्य) रात्रभर भिजवून आंबवण्याची गरज नाही, देण्याआधी अर्धा तास ओले केले तरी पुरे. नवे खाद्य एकदम सुरू करू नका. रोज अर्धा-पाऊण किलो सरकी पेंड कमी करून तेवढेच मिश्रण वाढवत आठ-दहा दिवसांत पूर्ण बदल करा. पोटातल्या जिवाणूंना नव्या खाद्याची सवय व्हायला एवढे दिवस लागतातच.

क्षार मिश्रणाचे वेगळे सांगतो. वर दिलेल्या मिश्रणात ६ किलोला १२० ग्रॅम क्षार जातात, वाढे चालू असताना ते योग्य आहे. बाजारातले खाद्य वापरत असाल तर वरून रोज ५० ते ६० ग्रॅम घाला. कॅल्शियमच्या बाटलीने तिसऱ्या महिन्यात दूध वाढत नाही. तिची गरज असते ती व्यायच्या सुमारास, तीही डॉक्टरांनी सांगितली तर.

एवढे सगळे करूनही एक तपासणी राहिली तर तुमचे गणित चुकेल. एसएनएफ घटण्याचे दुसरे मोठे कारण म्हणजे सुप्त कासदाह. कास सुजत नाही, दूध फुटत नाही, गाय खाते-पिते, पण एखाद्या सडाचे दूध आतल्या आत कमी होत राहते. घरी तपासायचे असेल तर अर्धा लिटर पाण्यात १५ ग्रॅम कपडे धुण्याची पावडर विरघळवा. चार वाट्यांत चारही सडांचे थोडे थोडे दूध वेगवेगळे घ्या, तेवढेच द्रावण घाला आणि अर्धा मिनिट गोल फिरवा. ज्या वाटीतले मिश्रण नाकातल्या शेंबडासारखे घट्ट होईल, तो सड दुखावलेला आहे. तपासलेले दूध आणि द्रावण फेकून द्या, वाट्या वेगळ्या ठेवा. अशा सडाचे नमुने घेऊन पशुवैद्यकीय दवाखान्यात जा आणि औषध त्यांच्या सल्ल्यानेच भरा. मेडिकलमधून ट्यूब आणून अर्धवट उपचार केले की जंतू औषधाला दाद देईनासे होतात. उपचार चालू असताना आणि नंतर डॉक्टर सांगतील तितके दिवस त्या गाईचे दूध डेअरीला घालू नका.

कास जपायची तर धार काढण्याची पद्धत सुधारा. सड धुऊन स्वच्छ कोरड्या फडक्याने पुसा, पहिल्या तीन-चार धारा काळ्या फडक्यावर काढून गुठळ्या बघा. गाय पान्हावल्यावर सात-आठ मिनिटांत धार संपली पाहिजे. पान्हा तेवढाच वेळ टिकतो. मध्येच फोन आला, पाहुणे आले म्हणून उठलात तर उरलेले दूध कासेत राहते आणि सर्वांत जास्त फॅट या शेवटच्या दुधातच असते. अंगठा मुडपून धार काढू नका, सडाच्या आतल्या नाजूक त्वचेला इजा होते. पूर्ण मुठीने काढा. दुखऱ्या सडाची धार शेवटी आणि वेगळ्या भांड्यात. नंतर प्रत्येक सड पोव्हिडोन आयोडीनच्या सडांसाठीच्या द्रावणात बुडवा. सडाचे तोंड धारेनंतर अर्धा तास तरी उघडे असते. तेवढा वेळ गाय बसू नये म्हणून वैरण धार काढून झाल्यावर टाका. दोन धारांमध्ये जमेल तितके १२ तासांचे अंतर ठेवा. पान्ह्यासाठी इंजेक्शन टोचण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मुळीच ऐकू नका. गाय त्याशिवाय दूध सोडेनाशी होते.

माजासाठी पहाटे पाच आणि रात्री नऊच्या सुमारास गोठ्यात जा. एकटी गाय असली की दुसरीवर चढणे वगैरे दिसत नाही. योनीतून लोंबणारा चिकट पारदर्शक सोट (स्राव), सारखे हंबरणे, एखाद्या दिवशी अचानक घटलेले दूध एवढ्यावरच ओळखावे लागते. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी आणि संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी रेतन करून घ्या. व्यायल्याला ९० दिवस होऊनही माज नसेल तर डॉक्टरांकडून गर्भाशय व बीजांडकोश तपासून घ्या. त्याच भेटीत शेणाचा नमुना देऊन जंत आहेत का तेही बघून घ्या.

खाद्याचा बदल पूर्ण झाल्यावर पंधरा दिवसांनी दूध आणि एसएनएफ पुन्हा बघा. १३ लिटर आणि ८.४ पर्यंत आले तर दिशा बरोबर आहे. काहीच फरक नसेल तर कासेकडे परत जा.

प्रश्न : गाय सात महिन्यांची गाभण आहे, अजून ५ लिटर दूध देते. चालू दूध कशाला बंद करायचे? (एक महिला पशुपालक, ता. पारनेर)

उत्तर : ताई, बंद कराच. गाय साधारण २८० दिवसांनी विते, त्याआधी ६० दिवस कास रिकामी असावी लागते. या दोन महिन्यांत कासेतल्या दूध तयार करणाऱ्या पेशी नव्याने वाढतात आणि वासराची सर्वांत जास्त वाढही याच काळात होते. आजचे ५ लिटर काढत राहिलात तर पुढच्या वेतात रोजचे दूध त्याहून जास्त प्रमाणात कमी होऊ शकते.

आटवताना आधी चार-पाच दिवस खाद्य बंद करून कडब्यावर ठेवा, पाणी मात्र तोडू नका. दूध कमी झाले की एक दिवस पूर्ण धार काढून थांबा. त्याच वेळी डॉक्टरांकडून चारही सडांत भाकड काळाच्या ट्यूब भरून घ्या. कास दोन-चार दिवस ताठ दिसेल, घाबरून धार काढू नका. काढलीत तर दूध पुन्हा सुरू होते. कास गरम आणि लाल झाली तरच दवाखान्यात दाखवा. भाकड गाईला रोज दीड ते दोन किलो खाद्य पुरे. शेवटचे तीन आठवडे हळूहळू वाढवत तीन किलोपर्यंत न्या, म्हणजे व्यायल्यावर एकदम खाद्य वाढले तरी तिला पचते. याच तीन आठवड्यांत कॅल्शियमची पावडर किंवा बाटली देऊ नका आणि लसूणघास कमी करा. बाहेरून भरपूर कॅल्शियम मिळत राहिले तर हाडांतले कॅल्शियम वापरण्याची शरीराची तयारी होत नाही आणि व्यायल्यावर एकाएकी दूध उतरले की गाय दुग्धज्वराने बसते.