तव्यावरचे तीन ब्रेड आणि गणिताची भीती

"मॅडम, बाकी सगळ्यात हुशार आहे हो, फक्त गणिताचं नाव काढलं की हिच्या पोटात दुखतं." चाचणी परीक्षा जवळ आल्या की हे वाक्य थोड्याफार फरकाने कानावर पडतंच. पाठोपाठ प्रश्न येतो, "अजून एक क्लास लावू का?" त्याचं उत्तर इथे जरा सविस्तर देते. ओळख पटू नये म्हणून दोन-तीन घरांतले तपशील एकत्र केले आहेत.

मुलुंडची सहावीतली मुलगी. आई-बाबा दोघेही नोकरीला, दुपारी घरी आजी. चाचणीत गणितात वीसपैकी सहा. संध्याकाळी वही उघडली की आधी पाणी प्यायचं, मग बाथरूमला जायचं, मग रडायचं.

"गणित करताना मनात काय येतं?"

"चुकणार."

"आणि चुकलं तर?"

"आई विचारते, हेपण नाही आलं?"

"मी ओरडत नाही हो तिच्यावर," आई लगेच म्हणाली. ती खरंच ओरडत नव्हती. पण मुलीच्या डोक्यात तो प्रश्न केव्हाच 'मला यायलाच पाहिजे, नाहीतर मी ढ' असा होऊन बसला होता. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी या 'पाहिजेच'वर आयुष्यभर काम केलं. माझ्या समुपदेशनाच्या कामाचा पायाही तोच आहे. आपल्या डोक्यात एका वेळी मोजक्याच गोष्टी मावतात. निम्मी जागा 'चुकलं तर' या विचाराने अडवली की हातचा लक्षात राहत नाही, मधली पायरी निसटते. बाहेरून मात्र दिसतं की पोरीला बेरीज येत नाही! अशा वेळी आणखी दहा गणितं दिली तर भीतीचाच सराव होतो.

म्हणून दोन आठवड्यांसाठी ठरलं की शाळेचा गृहपाठ तेवढा करायचा, त्यापलीकडे घरी जादा वही नाही. त्याऐवजी रोज दहा मिनिटांचं एक कोडं, तेही हातात असलेल्या कामातूनच निघालेलं. पहिलं कोडं आम्ही टेबलावरच सोडवलं. कागदाचे तीन तुकडे म्हणजे ब्रेड. प्रत्येकाच्या एका बाजूला १ लिहिलं, दुसऱ्या बाजूला २. वर्तुळ काढलं, तो तवा. तव्यावर एका वेळी दोनच ब्रेड मावतात आणि एक बाजू भाजायला एक मिनिट लागतं. तिन्ही ब्रेड दोन्ही बाजूंनी कमीत कमी किती मिनिटांत भाजतील?

"चार. आधी दोन ब्रेड, मग उरलेला एक."

"बरं. त्या चार मिनिटांत तव्यावरची एखादी जागा रिकामी राहते का?"

तिने तुकडे पुन्हा मांडले. शेवटची दोन मिनिटं अर्धा तवा रिकामा होता. बराच वेळ ती तुकडे इकडून तिकडे सरकवत राहिली. आईचा हात दोनदा पुढे आला, मी नजरेनेच थांबवला. मग मुलीने दुसरा ब्रेड अर्धवट भाजलेला असतानाच बाजूला काढला. पहिलं मिनिट पहिला आणि दुसरा. दुसऱ्या मिनिटाला पहिला उलटायचा, दुसऱ्याच्या जागी तिसरा. तिसऱ्या मिनिटाला दुसऱ्याची कच्ची बाजू आणि तिसऱ्याची उरलेली. तीन मिनिटं!

"ब्रेड नाही मोजायचे, बाजू मोजायच्या," ती म्हणाली. "सहा बाजू, दर मिनिटाला दोन." आणि न विचारताच पुढे, "पाच ब्रेड असले तर पाच मिनिटं. जितके ब्रेड तितकी मिनिटं!"

"एकच ब्रेड असेल तर?"

ती थबकली. "दोन मिनिटं... कारण त्याच्या दोन्ही बाजू एकदम भाजता येत नाहीत." आणि खळखळून हसली. स्वतःचा नियम मोडला याचं तिला हसू आलं, रडू नाही. माझ्या दृष्टीने गाठ सुटली ती इथे. बरोबर उत्तर तिला आधीही कधीतरी आलं असेल. पण 'पाच ब्रेड असले तर' हा प्रश्न तिचा स्वतःचा होता. प्रश्न विचारणाऱ्याच्या जागी मूल बसलं की परीक्षा संपते आणि गणित सुरू होतं, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलेलं आहे.

अशी कोडी शोधायला लांब जावं लागत नाही. स्लो लोकलने दादरहून मुलुंडला निघालात तर दादर आणि मुलुंड धरून अकरा स्टेशनं होतात. दोन स्टेशनांमध्ये सरासरी तीन मिनिटं धरली तर किती वेळ लागेल? मुलं तेहेतीस सांगतात, पण अंतरं दहाच आहेत, म्हणून तीस. रस्त्याकडेच्या झाडांच्या पुस्तकी गणितात हीच चूक होते आणि पट्टीवर ३ ते ८ मोजतानाही. बोटं स्टेशनांवर न ठेवता दोन स्टेशनांच्या मधे ठेवायला सांगा, लगेच उमजतं.

नळाला पाणी असेल तेव्हा तीन लिटरचा डबा आणि पाच लिटरची बादली घेऊन नेमकं चार लिटर पाणी मोजायला द्या. बादली भरून डब्यात ओतली की बादलीत दोन उरतात. डबा रिकामा करून ते दोन त्यात ओतायचे, बादली पुन्हा भरायची आणि डब्यात मावेल तेवढं म्हणजे एक लिटर ओतायचं. बादलीत चार राहिले. मुलं बहुतेकदा अंदाजाने 'अर्धी बादली' करायला जातात. म्हणून भांडं काठोकाठ भरायचं किंवा पूर्ण रिकामं करायचं, हा नियम आधीच सांगून ठेवा. ओतलेलं पाणी अर्थातच पिंपात.

घरात आजी-आजोबा असतील तर बाजारात त्यांना सोबत घ्या. पावकी, सवायकी, अडीचकी म्हणजे पाव, सव्वा, अडीचचे पाढे पाठ असलेली ही बहुधा शेवटची पिढी. साठ रुपये किलोचे टोमॅटो अडीच किलो घेतले तर दीडशे, हे आजी भाजीवाल्याच्या आधी सांगते. ते कसं काढलं, हे नातीने आजीला विचारायचं.

हातच्याच्या वजाबाकीला घाबरणाऱ्या मुलांसाठी माझं आवडतं कोडं द. रा. कापरेकरांचं. देवळालीच्या या शाळामास्तरांनी ते १९४९ साली शोधलं. चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. अंकांची सर्वांत मोठी मांडणी करा, तिच्यातून सर्वांत लहान मांडणी वजा करा, उत्तराचं पुन्हा तेच करा. ३५२४ घेतली तर ५४३२ - २३४५ = ३०८७, मग ८७३० - ०३७८ = ८३५२, मग ८५३२ - २३५८ = ६१७४. आता पुढे कितीही करा, ६१७४च. कुठलीही संख्या घेतली तरी जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत तिथेच पोहोचते. गडबड होते ती शून्याशी, ०३७८मधलं पुढचं शून्य सोडायचं नाही. आणि ६१७४ आलं नाही तर कुठेतरी चुकलंय हे मुलाला स्वतःलाच कळतं, लाल पेनाची गरज पडत नाही.

पालकांना दोन गोष्टी आवर्जून सांगते. 'सोपं तर आहे' म्हणू नका, कारण सोपंही जमलं नाही तर मूल आणखी खचतं. आणि 'कसं काढलंस?' हे उत्तर बरोबर असतानाही विचारा. फक्त चुकल्यावर विचारलं तर त्या प्रश्नाचा अर्थच 'चुकलं' असा होतो. पाहुण्यांसमोर कोडी घालणं पूर्ण बंद.

पाढे आणि सराव यांना कोड्यांचा पर्याय नाही. तिसऱ्या आठवड्यापासून आम्ही वही उघडली, रोज चारच गणितं, घड्याळ न लावता. पुढच्या चाचणीत तिने एकही प्रश्न कोरा सोडला नाही. गुणांकडे मी नंतर बघते.

मात्र पाचवी-सहावीतलं मूल पाच अधिक तीनसाठीही बोटं मोजत असेल, १६ आणि ६१मध्ये सतत गोंधळत असेल, नीट शिकवूनही त्याला घड्याळ वाचता येत नसेल, तर ती नुसती भीती नसू शकते. अध्ययन अक्षमतेची (लर्निंग डिसॅबिलिटी) तपासणी करून घ्या. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात ती होते आणि निदान झालं तर राज्य मंडळाच्या परीक्षांत सवलतीही मिळतात. त्यासाठी दहावीपर्यंत थांबू नका.