डेटिंग ॲपवर ‘फक्त गोऱ्या, सडपातळ मुलींनीच मेसेज करावा’ असं लिहिलं तर चुकलं काय? ती माझी वैयक्तिक आवड नाही का?

आवड तुमची, मान्य. कोणाला डावीकडे सरकवता, म्हणजे नाकारता, याचा जाब कोणी विचारत नाही. पण प्रोफाइलवर लिहिलंत की ते वाचणाऱ्या प्रत्येक काळ्या, जाड बाईच्या तोंडावर बोलल्यासारखंच झालं.

मी ४१ वर्षांची, घटस्फोटित, रंगाने काळी. सावळी नव्हे, काळी. फोटोला फिल्टर लावत नाही. एका गृहस्थांशी बरेच दिवस छान गप्पा चालल्या होत्या. नाट्यगीतं, सिंहगड, त्यांच्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन, सगळं बोलून झालं. कोथरूडला भेटलो. चहा यायच्या आत म्हणाले, “फोटोत जरा उजळ वाटलात. राग मानू नका, मी आपला स्पष्ट बोलतो. माझी आवड वेगळी आहे.” मी म्हटलं, “मग चहा घ्या आणि निघा. माझ्या रंगाबद्दल मी तुम्हाला काही विचारलं नव्हतं.” चहाचे पैसे मी दिले.

यावरून मामेभाऊ आजही वाद घालतो. “ताई, तुलाही टकले नको असतात ना?” हो, नको असतात. पण ‘टकल्यांनी मेसेज करू नये’ असं मी कुठे लिहिलेलं नाही, की समोर बसलेल्याला ऐकवलेलं नाही. आणि टक्कल पडेल म्हणून कुठल्या मुलाला दर रविवारी साय-हळद चोळत बसवतात? मला बसवायचे. ‘फेअर अँड लव्हली’ हे गोरेपणाचं क्रीम आपल्याकडे १९७५ पासून विकलं जातंय. त्याच्या नावातलं ‘फेअर’ जायला २०२० उजाडलं. शादी डॉट कॉमनेही वर्णाचा फिल्टर त्याच वर्षी काढला, तोही बायकांनी ऑनलाइन सह्यांची मोहीम काढल्यावर. अख्ख्या गावाला गोरीच हवी असेल, तर ती आवड एकट्या तुमची कशी?

मूल हवं की नको, दारू-सिगरेट, लग्न करायचंय की नाही, हे मात्र आधीच लिहा. त्याने दोघांचाही वेळ वाचतो. उंचीबद्दल माझं एवढं ठाम मत नाही. आणि बंबल या डेटिंग ॲपवर असाल तर जपून: रूपावरून हिणवणारा मजकूर तिथे २०२१ पासून नियमात बसत नाही, प्रोफाइलवरही नाही आणि चॅटमध्येही नाही.

मामेभाऊ माझी उत्तरं वाचतो. बाबा रे, साय-हळदीचं उत्तर तुझ्याकडून अजून यायचंय.