कोड टाकायला हरकत नाही, पण चार हजारांचं काय?

साताऱ्यात शाहूपुरीला राहणाऱ्या एका ताईंचं पत्र आलं आहे. मुलगा नववीत. दिवाळीत आजोबांनी, मामांनी आणि आत्यानं हातावर ठेवलेले पैसे न मोडता त्यानं 4,000 रुपये जमवलेत. ते सगळे त्याला रोब्लॉक्स या गेममधलं चलन, म्हणजे रोबक्स, घ्यायला वापरायचेत. खरेदी करताना ज्या यूट्यूबरचे व्हिडिओ तो रोज बघतो, त्याचा ‘स्टार कोड’ टाकायचा आहे. ‘आई, कोड टाकला तरी आपल्याला एक रुपया जास्त पडत नाही, आणि दादाला मदत होते,’ असं तो म्हणतो. ताई विचारतात, ही फसवणूक नाही ना? हा जुगार नाही ना? आणि पैसे त्याचेच आहेत, तर नाही कोणत्या तोंडानं म्हणू?

ताई, तुमचा मुलगा खरं बोलतोय. कोडबद्दल त्यानं सांगितलेला शब्द न् शब्द बरोबर आहे. रोब्लॉक्स कंपनी निवडक क्रिएटरना, म्हणजे व्हिडिओ बनवणाऱ्यांना, असा कोड देते. रोबक्स घेताना कुणी तो टाकला की त्या खरेदीच्या 5 टक्के वाटा त्या क्रिएटरला मिळतो आणि तो कंपनीच्या हिश्शातून जातो. फोर्टनाइटसारख्या इतर गेममध्येही अशी सोय आहे.

माझ्याकडे येणारे पालक इथे लगेच विचारतात, ‘म्हणजे एजंटचं कमिशनच की! ते शेवटी आपल्याच खिशातून जाणार.’ शंका रास्त आहे, कारण म्युच्युअल फंडात तसंच होतं. तिथे रेग्युलर प्लॅन घेतला की वितरकाचं कमिशन तुमच्याच पैशांतून वर्षानुवर्षं कापलं जातं, आणि जानेवारी 2013 पासून मिळणाऱ्या डायरेक्ट प्लॅनमध्ये ते वाचतं. रोबक्सला असा डायरेक्ट प्लॅन नाही. कोड टाका किंवा रकाना रिकामा ठेवा, किंमत तीच लागते. रिकामा ठेवलात तर ते 5 टक्के तुम्हाला सूट म्हणून मिळत नाहीत, कंपनीकडेच राहतात. त्यामुळे खरेदी करायचं ठरलेलंच असेल तर कोड जरूर टाकावा. ज्याच्या मेहनतीतून आपल्याला आनंद मिळतो त्याला चार पैसे मिळावेत असं चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला वाटतं, याचं मला मनापासून कौतुक वाटतं. त्याला तसं सांगाही.

अडचण पुढे आहे. पत्रासोबत तुम्ही त्याच्या वहीतल्या पानाचा फोटो पाठवलात, तो मी नीट पाहिला. डावीकडे तीन वस्तू: अवतारासाठी, म्हणजे गेममधल्या त्याच्या पात्रासाठी, हुडी, पंख आणि एक गेम पास, म्हणजे एखाद्या खेळात जास्तीची सोय देणारा परवाना. त्यांच्यासमोर रोबक्समध्ये किमती. खाली जाड अक्षरात ‘कोड = मदत’. आणि अगदी तळाला, बारीक अक्षरात, ‘उरलेले पुढे बघू’.

‘कोड = मदत’ या ओळीचा हिशोब त्यानं केलेला नाही. तो त्याच वहीत त्याच्याच हातानं करून घ्या. 4,000 चे 5 टक्के म्हणजे 200 रुपये. दादापर्यंत पोचणार ते एवढेच, आणि 3,800 रुपयांचा त्या मदतीशी काही संबंध नाही. आता दुसरी वाट बघा. यूट्यूबवर ‘सुपर थँक्स’ (व्हिडिओखाली एकदाच पैसे देण्याची सोय) किंवा मेंबरशिपमधून पैसे दिले तर कर वजा जाता 70 टक्के क्रिएटरला मिळतात आणि 30 टक्के यूट्यूब ठेवतं. दादाच्या हातात तेच 200 रुपये पडायला या वाटेनं साधारण 286 रुपये पुरतात. एकीकडे 4,000, दुसरीकडे 286. रोबक्स हवेत म्हणून घेतले आणि जाता जाता कोड टाकला, तर ती मदत फुकटात होते. मदत करायची म्हणून रोबक्स घेतले, तर तिच्याइतकी महाग मदत शोधून सापडणार नाही.

हे दोन हेतू मुलाच्या मनात एकत्र झालेत आणि त्यात त्याचा दोष नाही. ‘कोड टाका, सपोर्ट करा’ असं व्हिडिओत सांगणाऱ्याला प्रत्येक खरेदीवर वाटा मिळतो. तो वाईट माणूस आहे असं मी अजिबात म्हणत नाही. पण त्या क्षणापुरता तो विक्रेता आहे, आणि घरातला मोठा भाऊ असावा तशा आपुलकीनं बोलणारा विक्रेता आहे. मोठी माणसंसुद्धा अशा आवाजापुढे पाघळतात. विमा विकायला नात्यातलाच माणूस घरी आला की काय होतं, ते आपण सगळे जाणतो. दादा आवडतो हे एक आणि दादाचा यात फायदा आहे हे दुसरं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, हे या वयात कळलं तर पुढे पैशाच्या प्रत्येक व्यवहारात कामाला येईल.

आता ती बारीक अक्षरातली ओळ. ‘उरलेले पुढे बघू’ हे रुपयांच्या बाबतीत ठीक आहे, रोबक्सच्या बाबतीत नाही. रुपयाचे रोबक्स एका मिनिटात होतात, पण विकत घेतलेल्या रोबक्सचे परत रुपये करून मिळत नाहीत. मोठा पॅक घेतला, तीन वस्तू घेऊन झाल्या, की उरलेले रोबक्स खात्यात पडून राहतात. ते संपवायला मग चौथी वस्तू शोधली जाते. ती घ्यायला थोडे कमी पडले की पुन्हा पॅक. शिवाय खातं बंद झालं किंवा गेमवरच गदा आली तर आत अडकलेल्या चलनाचं काय, हा प्रश्न आपल्याकडे काल्पनिक नाही. जुलै 2022 मध्ये बीजीएमआय हा गेम भारतातल्या ॲप स्टोअरवरून निघाला तो मे 2023 मध्येच परतला. 

म्हणून माझा सल्ला असा: यादीतल्या तीन वस्तूंना लागतील तेवढेच रोबक्स आज घ्या, बाकीचे पैसे रुपयातच राहू द्या. महिन्याभरानं त्याला चौथी वस्तू खरंच हवी असेल तर ते रुपये कुठे पळून गेलेले नसतील. सरसकट नाही म्हणू नका. पैसे त्याचे आहेत, त्यानं ते दिवाळीपासून सांभाळलेत, आणि स्वतःच्या पैशातून स्वतःला आवडणारी वस्तू घेण्यात काही गैर नाही. हुडी खरी नाही, पडद्यावरची आहे, म्हणून ती वायफळ, असं मला वाटत नाही. सिनेमाचं तिकीटही आपण घरी आणून वापरत नाही.

खरेदी कुठून करायची, याकडे मात्र लक्ष द्या, कारण तुमच्या घरच्या पैशात खरा फरक पडतो तो इथे. रोब्लॉक्सच्या वेबसाइटवरून किंवा गिफ्ट कार्डनं घेतलं, तर मोबाइल ॲपच्या तुलनेत त्याच किमतीत 25 टक्क्यांपर्यंत जास्त रोबक्स मिळतात. ॲपमध्ये जे 500 रुपयांना पडतं ते वेबसाइटवर 400 च्या आसपास पडू शकतं. मुलाला कोड पाठ आहे, पण हे बहुधा माहीत नसेल. गिफ्ट कार्ड घ्यायचं तर नावाजलेल्या दुकानातून किंवा मोठ्या साइटवरूनच घ्या. व्हॉट्सॲपवर किंवा टेलिग्रामवर कुणी निम्म्या किमतीत देत असेल तर तिथे थांबायचं.

फसवणूक याच वाटेनं येते. खरा स्टार कोड फक्त पैसे भरण्याच्या पानावर टाकायचा असतो आणि त्याला पासवर्ड, ओटीपी काही लागत नाही. ‘हा कोड टाका, फुकट रोबक्स मिळवा’ म्हणून दुसऱ्याच साइटवर नेणारा माणूस चोर आहे, मग त्यानं दादाचा फोटो का लावलेला असेना. चुकून पैसे गेलेच तर लगेच 1930 या हेल्पलाइनला फोन करा.

जुगाराचं म्हणाल तर ऑगस्ट 2025 मध्ये झालेल्या ऑनलाइन गेमिंगच्या कायद्यानं पैसे लावून पैसे जिंकायच्या खेळांवर बंदी आणली. अवताराला हुडी घेणं त्यात येत नाही. पण रोबक्स पणाला लावून दुप्पट करून देतो म्हणणाऱ्या बाहेरच्या साइट आहेत आणि तो निखळ जुगार आहे. त्यांची नावं मुलानं ऐकली आहेत का, हे एकदा गप्पांच्या ओघात विचारून घ्या.

रोब्लॉक्समध्ये पालकाचं खातं मुलाच्या खात्याला जोडता येतं आणि महिन्याच्या खर्चाला मर्यादा घालता येते. ती आकड्यासकट मुलासमोर बसून घाला, त्याच्या पाठीमागे नको. आकडा त्यालाच सुचवू द्या. तुमचं कार्ड त्याच्या फोनमध्ये सेव्ह असेल तर मात्र आजच काढून टाका, याला अपवाद नको. फोर्टनाइट बनवणाऱ्या एपिक गेम्सवर अमेरिकेच्या एफटीसीनं, म्हणजे ग्राहकांचं हित बघणाऱ्या सरकारी संस्थेनं, 2022 मध्ये जी कारवाई केली, तिच्यात एक मोठा मुद्दा हाच होता, की एक बटण चुकून दाबलं तरी खरेदी होऊन पैसे जात होते. त्यातले 24.5 कोटी डॉलर ग्राहकांना परत द्यायचं ठरलं. त्या मुलांचे आईबापही काही निष्काळजी नव्हते.

उरलेल्या रुपयांसाठी मुलाच्या नावानं बचत खातं काढा. रिझर्व्ह बँकेच्या 2025 च्या सूचनांनुसार दहा वर्षांवरच्या मुलांना बँका स्वतः चालवायचं खातं देऊ शकतात. त्याला पासबुक भरून घ्यायला एकट्याला पाठवा. रक्कम लहान आहे, त्यामुळे व्याजाच्या मागे लागू नका, लगेच एसआयपीच्याही नको. हवे तेव्हा काढता आले पाहिजेत, एवढं पुरे.

आणि दादाला मदत करायचीच असेल तर ती मुलाच्याच पैशातून, पण तुमच्या यूट्यूब खात्यावरून, एकदाच ‘सुपर थँक्स’ देऊन करा. मेंबरशिप घेतली तर ती दर महिन्याला आपोआप चालू राहते. परीक्षा येईल, व्हिडिओ बघणं सुटेल, तरी पैसे जातच राहतील.