एलईडी मासेमारीवर बंदी आहे, वर ड्रोनही फिरतायत. मग यात समाजशास्त्राचं काय काम उरलं?

तुम्ही लिहिलंय की समाजशास्त्रात एम.ए. करताय, प्रबंधाला 'शाश्वतता आणि नव्या तंत्रज्ञानाचं नियमन' असा विषय घेतलाय, आणि मित्र चिडवतायत की मासे कमी झाले हे शास्त्रज्ञ सांगतील, बोटी पोलीस पकडतील, तू काय करणार? मी मालवणचा. मच्छीमार सोसायटीच्या कागदपत्रांत बरीच वर्षं गेलीत. माझ्या मते यातला अवघड भाग तुमच्याच वाट्याचा आहे.

तंत्रज्ञान सोपं आहे, ते आधी उरकतो. बोटीवर जनरेटर, त्यावर हजारो वॅटचे एलईडी दिवे. काळोख्या रात्री उजेडाकडे आधी बारीक जीव येतात, मागोमाग मासळी. थवा जमला की पर्ससीनचं जाळं गोल टाकायचं आणि खालचा दोर आवळायचा. बांगडा, तारली, पिल्लं, गाभोळीवर आलेली मासळी, सगळं एका वेढ्यात. केंद्राने १० नोव्हेंबर २०१७ ला यावर बंदी घातली. राज्याने १९८१ चा सागरी मासेमारी नियमन कायदा २०२१ मध्ये दुरुस्त करून दंड लाखांवर नेला. जानेवारी २०२५ पासून ड्रोनची गस्त आहे. म्हणजे विज्ञानाचं सांगून झालं, कायद्याचंही झालं, आणि तरी एलईडीच्या तक्रारी थांबलेल्या नाहीत. तुमचं काम इथून पुढे सुरू होतं.

डेव्हिड कॉलिंग्रिज या अभ्यासकाने १९८० मध्ये एक पेच मांडला होता. तंत्रज्ञान नवं असतं तेव्हा त्याला आवर घालणं सोपं, पण परिणाम ठाऊक नसतात. परिणाम दिसेपर्यंत ते असं रुतून बसतं की हलवायला गेलं तर सगळ्यांनाच महाग पडतं. त्याला कोकण माहीत असण्याचं कारण नाही, पण पर्ससीनची हकिकत तंतोतंत अशीच आहे. सुरुवातीला तिच्याकडे प्रगती म्हणून पाहिलं गेलं. राज्याने ५ फेब्रुवारी २०१६ च्या अधिसूचनेने तिला सप्टेंबर ते डिसेंबर एवढेच महिने दिले, तोवर बोटींवर कर्जं चढली होती, बर्फाचे कारखाने आणि फिशमीलवाले (मासळीची भुकटी करणारे) त्या मासळीवर उभे होते, खलाशांच्या घरच्या चुली त्यावर पेटत होत्या. वर्षाचा हप्ता चार महिन्यांत काढायचा म्हटल्यावर दिव्याचा मोह होणारच. मालकाला लोभी म्हणून मोकळं होता येतं, पण त्याची कर्जाची वही पाहिली की तसं म्हणवत नाही. शिवाय हे मालक कुणी परके शेठ नव्हेत. पुष्कळ जण गाबीत, खारवी, दालदी समाजातलेच, आणि एकाच घरातला एक भाऊ पर्ससीनवर तर दुसरा गिलनेटवर (पाण्यात उभं सोडायचं पारंपरिक जाळं) असंही दिसेल. 'पारंपरिक विरुद्ध यांत्रिक' अशी बातमी वाचून ही भाऊबंदकी कळत नाही.

दुसरी गाठ हद्दीची. किनाऱ्यापासून १२ सागरी मैल, म्हणजे साधारण २२ किलोमीटर, राज्याचा अंमल. त्यापुढे २०० मैलांपर्यंत केंद्राचा. पर्ससीनवाल्याचं ठरलेलं उत्तर असतं, 'आम्ही बाराच्या बाहेर होतो.' तमिळनाडूच्या पर्ससीनवाल्यांना सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये १२ मैलांबाहेर आठवड्यातून दोन दिवस, सकाळी आठ ते संध्याकाळी सहा अशी अंतरिम मुभा दिली. राज्यात नाकारलेलं जाळं बाराच्या बाहेर चालतं, तेव्हा इथला गिलनेटवाला विचारतो, 'आमका कोणी इचारल्यान?' नियमनाच्या अभ्यासात मला हा प्रश्न सर्वांत मोठा वाटतो.

गॅरेट हार्डिन या अमेरिकी पर्यावरणशास्त्रज्ञाने १९६८ मध्ये लिहिलं की सामायिक साधन लोक ओरबाडून संपवतातच. राज्यशास्त्रज्ञ एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९० च्या ग्रंथात ते खोडून काढलं, आणि २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांच्या उदाहरणांत तुर्कस्तानातलं अलान्या आहे. तिथल्या मच्छीमारांनी जाळी टाकायच्या जागांची यादी केली, चिठ्ठ्या टाकून सप्टेंबरात जागा वाटल्या, आणि मग रोज प्रत्येकाने एक जागा पूर्वेला सरकायचं, जानेवारीनंतर उलटं पश्चिमेला. पहाऱ्याला शिपाई लागत नसे, कारण ज्याची पाळी असे तोच घुसखोराला पकडे. आमच्या रापणीत, म्हणजे गावाने मिळून किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्यात, याहून फार वेगळं काय होतं? ठरलेली जागा, ठरलेली पाळी, दोराला हात लावला त्याला वाटा. (रापण काही पुण्यवान नव्हे. तिच्यातही बारीक मासळी येते, आणि गावकीत कोणाचा शब्द चालायचा हे सगळ्यांना ठाऊक आहे.)

किनाऱ्यावरची रापण सगळा गाव बघतो. वीस मैल आत काय चाललंय ते कोणालाच दिसत नाही. एलईडीने शेजाऱ्याची नजर निकामी केली, म्हणून सरकारला वरून नजर ठेवावी लागली: ड्रोन, आणि इस्रोने तयार केलेले ट्रान्सपॉन्डर, म्हणजे बोटीची जागा उपग्रहामार्फत कळवणारी यंत्रं. ते १३ किनारी राज्यं आणि केंद्रशासित प्रदेशांतल्या एक लाख बोटींवर बसवायची केंद्राची योजना आहे. वादळाचा इशारा मिळणं, संकटात संदेश पाठवता येणं, हे फायदे खरेच आहेत, मी त्याच्या बाजूचा आहे. पण तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख, मासळीची जागा सख्ख्या मेव्हण्यालाही सांगत नाही. बोटीची वाट आता पडद्यावर उमटणार, तर ती कोण बघेल, किती दिवस ठेवेल, कोणाला देईल? ही कलमं मच्छीमारांच्या भाषेत त्यांच्यासमोर वाचली जायला हवीत. पाळत ठेवणारं यंत्र हेही नवं तंत्रज्ञानच, त्यालाही कॉलिंग्रिजचा पेच लागू.

तंत्रज्ञान म्हणजे खलनायक असं धरून मात्र निघू नका. अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट जेन्सन यांनी २००७ मध्ये उत्तर केरळच्या किनाऱ्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. मोबाइल आल्यावर बंदराबंदरांतल्या भावांतली तफावत घटली, न खपलेली मासळी फेकणं जवळपास थांबलं, मच्छीमार आणि गिऱ्हाईक दोघांचाही फायदा झाला. मात्र भावाचा आकडा बघून एक गोष्ट कळणार नाही. मोठी आवक मोठ्या बंदरावर उतरू लागली की छोट्या पुळणीवर पाटी घेऊन थांबणाऱ्या बाईने सकाळी काय विकायचं? ज्या बैठकांचे कागद माझ्या हातून गेले, त्यांत तिची सही क्वचितच होती.

प्रबंधासाठी एक काम सुचवतो. कारवाई झालेल्या एका बोटीची फाईल घ्या आणि पकडल्यापासून दंड वसूल होईपर्यंत तिच्यामागे जा: पंचनामा कोणी केला, साक्षीला कोण उभा राहिला, अपिलात काय झालं, तोवर बोट समुद्रात होती की नांगरावर. सोबत लिलावाच्या वेळी बंदरावर बसा. पहिल्याच दिवशी एलईडीचं नाव काढलंत तर कोणी बोलणार नाही. डिझेलच्या परताव्याचं विचारा, मग दोन तास हलू देणार नाहीत.