प्रादेशिक विमान कंपनीत को-पायलट म्हणून लागलं तर पगार किती मिळतो, आणि कॅप्टन व्हायला किती वर्षं लागतात?

प्रश्नाखाली तू दिलेला तपशील आधी थोडक्यात मांडतो. नागपूरचा आहेस, वय 23, सीपीएल (व्यावसायिक पायलटचं लायसन्स) झालंय, उड्डाणाचे एकूण 212 तास. एका छोट्या प्रादेशिक कंपनीकडून एटीआर 72 या पंख्याच्या (टर्बोप्रॉप) प्रवासी विमानावर को-पायलटची ऑफर आली आहे. मित्र म्हणतात थांब, एअरबस जेटवरची भरती निघेल. घरचे विचारतात, कॅप्टन कधी होशील. आणि अमेरिकेत म्हणे रीजनलच्या को-पायलटला तासाला 90 डॉलर देतात, मग तिकडेच का जाऊ नये?

मी एटीआरवर कॅप्टन आहे, घर प्रतापनगरला. वयाने बराच लहान आहेस म्हणून ‘तू’ म्हणतोय, राग मानू नको.

कॅप्टन व्हायला डीजीसीएचं, म्हणजे आपल्या विमान वाहतूक नियामकाचं, एटीपीएल (एअरलाइन पायलटचं वरचं लायसन्स) लागतं आणि त्यासाठी एकूण 1500 तास. तुझे 212 वजा केले की उरतात 1288. महिन्याला 60 तास मिळाले तर साडेएकवीस महिने, 45 मिळाले तर साडेअठ्ठावीस. वर्षाला हजार तासांच्या वर उडता येत नाही, म्हणजे कितीही धावलास तरी सव्वा वर्षाच्या आत हे होणार नाही. भरती करणारे लोक हेच गणित करून ‘दोन वर्षांत कमांड’, म्हणजे कॅप्टनपद, असं म्हणतात. गणित चुकीचं नाही. फक्त ते घड्याळ कधी सुरू होतं आणि मध्येच कधी बंद पडतं, हे कोणी सांगत नाही.

सुरू व्हायलाच वेळ लागतो. जॉइनिंग, ग्राउंड स्कूल, टाइप रेटिंग (त्या एका विमानाचं प्रशिक्षण), सिम्युलेटर म्हणजे सिम, मग लाइन ट्रेनिंग (ट्रेनरसोबत प्रवाशांची उड्डाणं), मग रिलीज, म्हणजे ट्रेनरशिवाय उडायची मोकळीक. माझं हे सगळं व्हायला आठ महिने गेले. तोवर घरी येणारा प्रत्येक पाहुणा विचारायचा, ‘काऊन बे, अजून विमान नाही दिलं का तुले?’

बंद पडण्याची गोष्ट माझीच आहे. पहिली कंपनी छोटी होती, नाव घेत नाही. मुलाखतीत सांगितलं, आमच्याकडे सहा विमानं आहेत, चार येताहेत. पहिलं वर्ष बरं गेलं. मग रोस्टरवर उड्डाणांपेक्षा स्टँडबायच, म्हणजे बोलावण्याची वाट पाहत बसणंच, जास्त दिसायला लागलं. पगार सात तारखेचा पंधरावर गेला, पंधराचा पुढच्या महिन्यात. एका विमानाचे सुटे भाग दुसऱ्याला लावून दिवस काढणं चाललं होतं. आम्ही को-पायलट एकमेकांना धीर द्यायचो, कारण प्रत्येकाला हजार तासांच्या पुढे गेल्यावर 1500 दिसायला लागतात आणि मग माणूस जागचा हलत नाही. माझे 1380 झाले आणि कंपनी बंद पडली. 120 तास कमी. त्यानंतर चौदा महिने मी जमिनीवर होतो. लायसन्स हातात असतं, पण सहामाही चेक लॅप्स होतो, 90 दिवसांतले टेकऑफ-लँडिंग राहून जातात, आणि पुढच्या कंपनीच्या लेखी तू पुन्हा सिमपासून सुरुवात करणारा माणूस असतोस. दुसरीकडे लागलो ते सीनियॉरिटीच्या यादीत सगळ्यात खाली. पहिल्या दिवसापासून मोजलं तर डाव्या, म्हणजे कॅप्टनच्या, सीटवर बसायला साडेसहा वर्षं लागली.

म्हणून ‘किती वर्षांत’ यापेक्षा ‘जागा कशी निघते’ हे विचार. एका विमानाला साधारण पाच-सहा जोड्या लागतात. चार विमानांची कंपनी म्हणजे वीस-बावीस कॅप्टन, बस. तू को-पायलटांच्या यादीत अठरावा असशील, तर तुझे 1500 तास झाले म्हणून कोणी सीट रिकामी करत नाही. नवीन विमान आलं तर पाच-सहा जागा निघतात, भाड्याचं विमान परत गेलं तर तेवढ्याच बुडतात. पासष्टीला निवृत्त होणारे छोट्या कंपनीत असून असून किती असतील? राहिला तिसरा मार्ग, कॅप्टन सोडून जाणं. छोट्या कंपनीत कमांड लवकर मिळते ती बहुतेक वेळा यामुळेच. तेव्हा ‘आमच्याकडे अठरा महिन्यांत कमांड’ असं कोणी अभिमानाने सांगितलं की माझ्या मनात पहिला प्रश्न येतो तो हा: आधीचे सगळे गेले कुठे? मोठ्या कंपनीत जेटवर गेले असतील तर उत्तम, तुझाही रस्ता तोच. पगार थकला म्हणून गेले असतील तर ती वेगळी गोष्ट.

आता पगार. माझा पहिला पगार हातात एक लाख दहा हजार होता, आणि साठ लाखांच्या कर्जाचा हप्ता ब्याऐंशी हजार. उरलेल्या अठ्ठावीस हजारांत हैदराबादचं घरभाडं आणि जेवण. घरी सगळ्यांना वाटायचं पोरगा पायलट झाला, आता काय कमी आहे. मी मेसचे पैसे थकवून होतो. हे आकडे आता जुने झाले, पण प्रमाण बघ. खरी उडी कॅप्टन झाल्यावर येते. माझा पगार एका महिन्यात जवळजवळ अडीचपट झाला, आणि हा फरक सगळीकडेच मोठा असतो. म्हणून तर जो तो कमांडमागे लागतो, हौस म्हणून नाही.

ऑफर लेटरमध्ये एकूण रकमेकडे पाहू नको. किती तासांची हमी आहे ते बघ. ‘महिन्याला 70 तास धरून’ आणि ‘40 तास फिक्स्ड, पुढे तासाप्रमाणे’ या दोन वाक्यांत महिन्याचं राशन बदलतं. विमानच उभं असेल तर दुसऱ्या प्रकारात तुझ्या हातात चाळिसाचेच पैसे येतात. 2020 मध्ये देशभर विमानं उभी राहिली, पगार कापले गेले, कित्येकांना बिनपगारी रजेवर बसवलं, तेव्हा फिक्स्ड म्हणजे किती फिक्स्ड हे सगळ्यांना कळलं. शिवाय तास मोजतात ते विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर थांबेपर्यंत. सव्वा तासाचे चार सेक्टर, म्हणजे एका गावाहून दुसऱ्या गावाची चार उड्डाणं, केलीस तर पाच तास जमा होतात, ड्यूटी मात्र दहा तासांची झालेली असते. मधल्या वेळात बसची वाट पाहणं, इंधन, कागदपत्रं, उशिरा आलेले प्रवासी, हे सगळं फुकटात.

नागपुरात राहून नोकरी होईल असं मनात असेल तर काढून टाक. 1949 मध्ये रात्रीची टपालविमानं सुरू झाली तेव्हा दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास अशी चारही बाजूंची विमानं मध्यरात्री आपल्या सोनेगावच्या विमानतळावर उतरायची, थैल्यांची अदलाबदल करून परत जायची. देशाचं मध्य असण्याचा तेवढा फायदा आपल्याला झाला. मला मात्र बेस कधी नागपूर मिळाला नाही. दुसऱ्या गावचं भाडं पगारातून आधीच वजा करून बघ.

एटीआरबद्दल मित्र नाक मुरडत असतील. माझी आई अजूनही शेजारच्या काकूंना सांगते, ‘आमचा मोठा पंख्याचं विमान चालवते’. चालवते तर चालवते. या विमानाला एपीयू, म्हणजे जमिनीवर वीज आणि हवा पुरवणारं वेगळं छोटं इंजिन, नसतो. जमिनीवर उजवं इंजिन चालू ठेवून त्याचा पंखा ब्रेकने धरून ठेवायचा, त्यालाच हॉटेल मोड म्हणतात. वीज आणि थंड हवा त्यातूनच. मे महिन्यात नागपुरात 45 अंशांत उभं राहून पाहा, ‘थंड हवा’ हा शब्द किती उदार आहे ते कळेल. दिवसाला चार-चार सेक्टर, छोट्या धावपट्ट्या, पावसाळ्यात ढगांच्या वरून नाही तर ढगांमधूनच जाणं, कारण आपण 25 हजार फुटांच्या वर जातच नाही. दोन वर्षांत हात जेवढा बसतो तेवढा लांब सेक्टरवर ऑटोपायलटकडे पाहत बसून बसत नाही, असं माझं मत आहे. जेटवाले मित्र यावर भांडतात, भांडू दे.

कमांडचं एक सांगतो. एटीआरमध्ये जमिनीवर नाक वळवायचं छोटं चाक फक्त डाव्या बाजूला असतं. म्हणजे शेकडो लँडिंग केलेला को-पायलट टॅक्सी करायला शिकतो तो अपग्रेडच्या ट्रेनिंगमध्ये! पहिल्या दिवशी मी विमान पिवळ्या रेषेवरून असं काही नेलं की शेजारचे ट्रेनर शांतपणे म्हणाले, ‘घाई नाही, आपण रस्त्यावरच आहोत ना अजून?’ ते जमतं चार दिवसांत. जमायला वेळ लागला तो दुसऱ्याच गोष्टीला. रिलीज झाल्यानंतरच्या आठवड्यात एका छोट्या धावपट्टीवर दुपारी दोनला उभे होतो. तापमान वाढलेलं, वजनाचं गणित बसेना, सामान किंवा माणसं उतरवावी लागणार. ग्राउंडचा माणूस म्हणतो, सर मागच्या फ्लाइटला तर चाललं होतं. मी सवयीने डावीकडे पाहिलं. डावीकडे खिडकी होती. सात जणांचं सामान मी उतरवलं, लोकांनी शिव्या दिल्या, आणि लोडशीटवर, म्हणजे वजनाच्या हिशोबाच्या कागदावर, सही माझी गेली. अडीचपट पगार त्या सहीचा असतो. 1500 तासांत ती येते का, हे प्रत्येकाचं वेगळं. मला साडेसहा वर्षं लागली याचं त्या दुपारी वाईट वाटलं नाही.

अमेरिकेचं. 90 डॉलर हा आकडा खरा आहे. 2022 मध्ये अमेरिकन एअरलाइन्सच्या मालकीच्या एन्व्हॉय, पीडमाँट आणि पीएसए या तीन रीजनल कंपन्यांनी नव्या को-पायलटचा दर तेवढा केला, कारण पायलट मिळेनासे झाले होते. पण त्यामागची गोष्ट माहीत असू दे. 12 फेब्रुवारी 2009 ला बफेलोजवळ कोल्गन एअरचं टर्बोप्रॉप पडलं, जमिनीवरच्या एकासह 50 माणसं गेली. चौकशीत निघालं की को-पायलट रात्रभर देशाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला प्रवास करून ड्यूटीवर आली होती, आणि तिचा वर्षाचा पगार सोळा हजार डॉलरच्या आसपास असल्याचं समोर आलं. त्यावरून कायदा झाला आणि 2013 पासून तिकडे को-पायलटलाही 1500 तास लागतात. विमानविद्येची पदवी किंवा लष्करी अनुभव असेल तर थोडी सूट. गंमत म्हणजे त्या विमानातल्या दोन्ही पायलटांकडे 1500 पेक्षा जास्त तास होते. कॅप्टन व्हायला आणखी हजार तास एअरलाइनमध्ये उडवलेले हवेत. म्हणजे तुझे 212 घेऊन तिथे कोणी दारात उभं करणार नाही, आणि तिथे नोकरी करायचा हक्क हवा तो वेगळाच. तिकडची मुलं 1500 व्हायला दोन-दोन वर्षं इन्स्ट्रक्टर म्हणून छोट्या विमानात घालवतात. तू तेच तास पगार घेऊन एटीआरवर करणार आहेस.

मग ऑफर घ्यावी का? मी घेतली असती. सीपीएल घरी ठेवून गंजतं, आणि एअरबसची भरती कधी निघेल ते कोणाच्या हातात नसतं. स्वतःच्या खर्चाने एअरबसचं रेटिंग करून घरी बसलेली मुलं मला माहीत आहेत. फक्त एक लक्षात ठेव: पुढे एटीआरचा कॅप्टन म्हणून जेटवर गेलास तर बऱ्याच ठिकाणी पुन्हा को-पायलट व्हावं लागतं, काही काळ पगारही खाली येतो. आणि सोडायचं म्हटलं तर को-पायलटला सहा महिने, कॅप्टनला बारा महिने नोटीस, हा डीजीसीएचा 2017 चा नियम आहे. कमांड घेण्याआधी बाँड किती वर्षांचा आणि किती लाखांचा, नवीन की आधीच्याच बाँडला जोडून, ते लेखी घे.

एचआरला विचार: माझ्यापुढे किती को-पायलट आहेत, शेवटची कमांड कोणत्या महिन्यात झाली, गेल्या वर्षी को-पायलटांचे महिन्याला सरासरी किती तास झाले, पगार कोणत्या तारखेला होतो. शेवटच्या प्रश्नावर समोरचा जरा थांबला की समजून जा.

आणि सही करण्याआधी पंधरा दिवस एक काम कर. फ्लाइट ट्रॅकिंगच्या ॲपवर त्या कंपनीची विमानं फुकटात दिसतात. रोज रात्री बसून लिही, शेपटीवरचा कोणता नंबर किती वेळा उडाला. माझ्या पहिल्या कंपनीचं मी हे केलं असतं तर मुलाखतीआधीच दिसलं असतं, सहापैकी तीनच उडत होती.